वाटीच्या आतला लेवा

चुलीवर पातेलं ठेवायच्या आधी त्याच्या बुडाला राख कालवून लावायची, हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही. आईचं बघून आलं असेल. राख पाण्यात कालवायची, फार पातळ नाही आणि फार घट्ट नाही, आणि हाताच्या एका फेऱ्यात बुडाला बाहेरून माखायची. त्याला आम्ही लेवा म्हणतो. लेवा दिला की काजळी पातेल्याला धरत नाही, राखेला धरते. घासताना पाण्याचा हात लागला की राखेबरोबर काजळीही सुटून येते. घरात गॅस आला तरी अंघोळीचं पाणी आमच्याकडं अजून चुलीवरच तापतं, त्यामुळं लेवा काही सुटलेला नाही. याच लेव्यानं आमच्या कंपनीत जे झालं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. धुणं वाळत टाकलं की दुपारचा थोडा वेळ माझा असतो.

मी केंदूरची. माहेर मेंढरांमागं फिरणारं. चुलती गावात घर धरून होती तोवर तिच्याजवळ राहून चौथीपर्यंत शिकले. पुढं मीही कळपाबरोबर निघाले. मेंढरांमागं चालताना दिवस दिवस बोलायला कोणी नसतं, आणि ती सवय अंगात राहिली. लग्न होऊन इकडं दौंडच्या बाजूला भांडगावला आले तेव्हा सासूबाई पहिल्या पहिल्यांदा शेजारी सांगत, सून चांगली हाय, फकस्त आवाज करत न्हाई. आता माहेरीही मेंढरं नाहीत, भाऊ कांदा करतात. मी मात्र तशीच राहिले. विचारलं तर सांगते. न विचारता तोंड उघडलं असं क्वचित होतं.

आमची कंपनी हायवे ओलांडून आत, वीटभट्टीच्या मागं आहे. लहानशीच आहे. तिथं कॅटलिस्ट बनतो. पहिले काही महिने मला एवढंच कळलं होतं की तो खायचा पदार्थ नाही. हळदीपेक्षा जरा मातकट अशा पिवळ्या रंगाच्या बारीक गोळ्या. त्या ड्रममध्ये भरून दुसऱ्या मोठ्या कंपन्यांना जातात. माझं काम लॅबमध्ये, काचेच्या नळ्या आणि चिनीमातीच्या वाट्या धुण्याचं. माझ्या जोडीला आक्का. आक्का माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, पलीकडच्या वस्तीवरच्या. नवरा जाऊन खूप वर्षं झाली, गुडघे उसाच्या रानात गेले. उभ्यानं होणारं काम त्यांना आता होत नाही, आणि सगळ्या कंपनीत बसायला स्टूल मिळतं ते लॅबच्या मोरीपाशीच. म्हणून ती जागा त्यांना जिवापेक्षा प्यारी.

लॅबच्या मॅडम नगरकडच्या, तिशीच्या आतबाहेर. त्या पांढरी पूड आणि पिवळी पूड पाण्यात कालवून खिरीसारखं करायच्या आणि वाट्यांत ओतायच्या. ते आधी वाळवायचं, मग भट्टीत भाजायचं. भाजून निघालं की वाटीला आतून पिवळट तपकिरी डाग पडायचा, आणि तो डाग म्हणजे आमच्या दोघींचा वैरी. घासायला कंपनीनं दिलेला पातळ साबण, एक ब्रश आणि शेवटी फिल्टरचं शुद्ध पाणी. दुसरं काही लावायचं नाही, बोअरचं पाणी तर नाहीच. इकडचं पाणी जड आहे, भांड्याला पांढरा थर धरतं.

एकदा मी वाट्या पुसत असताना मॅडम म्हणाल्या, "ताई, रोज एवढ्या वाट्या धुता. मी त्यात काय करते ते कधी विचारलं नाहीत."

"तुमी कामात असता," मी म्हणाले.

त्या हसल्या आणि मला भट्टीपाशी घेऊन गेल्या. तिथं एक उभी काचेची नळी होती, तिच्या पोटात त्यांनी केलेल्या गोळ्या भरलेल्या. वरून एका पातळ द्रवाची वाफ हवेत मिसळून सोडायची. त्याला रंगात घालायच्या थिनरसारखा वास. पेट्रोलच्याच कुळातला द्रव. त्या म्हणाल्या, याला हवा आणि उष्णता मिळाली की हा जळायलाच बघतो. पुरता जळला तर नुसता वायू आणि पाणी, हातात काही उरत नाही. पण अर्ध्यावर थांबवता आलं तर खालच्या गार टोकाला पांढऱ्या सुया धरतात. त्यांनी मला त्या सुया दाखवल्या. कापरासारख्या, पण लांब आणि नाजूक. त्यांच्यापासून पुढं प्लास्टिक मऊ करायचं औषध होतं. वायरवरचं वेष्टण, ताडपत्री, पाण्याचा पाईप, हे सगळं त्यामुळं लवतं.

"म्हंजी गुळावाणी," माझ्या तोंडून गेलं.

मॅडमनी मान वर केली. "कसं काय?"

मला वाटलं उगाच बोलले. पण त्या थांबून राहिल्या, म्हणून सांगावं लागलं. माझे सासरे गुळव्या आहेत, गुऱ्हाळावर रस आटवायची काहील सांभाळतात. रस कमी आटला तर काकवी होते, जास्त आटला तर करपतो. गूळ मधेच कुठंतरी असतो, आणि गुळव्याचं काम म्हणजे तिथं थांबवणं.

"बरोबर. ही गोळी म्हणजे माझा गुळव्या," त्या म्हणाल्या. "फक्त हा गुळव्या फार उतावळा आहे. थांबायच्या जागेवरून पुढं निघून जातो, आणि सगळं जाळून टाकतो. म्हणून त्याच्यात चिमूटभर दुसरं काहीतरी घालायचं. कशाची चिमूट आणि केवढी, एवढंच माझं काम."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात बरेच दिवस फिरत राहिली. गोळी स्वतः जळत नाही, संपत नाही. तिच्या अंगात प्राणवायू असतो. तो ती वाफेला काढून देते आणि हवेतला घेऊन आपली जागा पुन्हा भरते. देते, घेते, देते, घेते. मला उसन्या पिठाची आठवण झाली. दळण संपलं की शेजारणीकडून वाटीभर पीठ आणायचं, आपलं दळून आलं की परत द्यायचं. काही बायकांचा हात सैल, मागणाऱ्याला गरजेपेक्षा जास्त देऊन बसतात. काहींचा इतका आखडता की त्यांच्या दारात कोणी जातच नाही. मॅडमची चिमूट म्हणजे गोळीचा हात किती सैल ठेवायचा ते ठरवणारी. हे मी त्यांना सांगितलं नाही, तेवढं धाडस त्या दिवशी उरलं नव्हतं. पण त्यानंतर वाट्या धुताना मला त्या नुसत्या वाट्या वाटेनात.

दिवाळीच्या आधी भाऊ आजारी पडला म्हणून मी केंदूरला गेले. तो उठून रानात जायला लागेपर्यंत राहिले. परत आले तर लॅबमध्ये पेढ्याचा बॉक्स. मी नसताना मॅडमच्या एका खेपेला असा गुण आला होता की नळीचं गार टोक पांढऱ्या सुयांनी गच्च भरलं होतं. मोठे साहेब स्वतः येऊन बघून गेले. गुजरातची पार्टी दिवाळीनंतर येणार होती, त्यांना हेच हवं होतं.

आक्का त्या दिवशी भलत्याच खुशीत. मला मोरीपाशी ओढून म्हणाल्या, "तू नव्हतीस तवा बघ, एकटीनं समद्या वाट्या काढल्या. आन् डाग कुठं? एका हातात साफ."

"कशानं?"

"लेवा दिला. बाभळीची राख आणली घरनं डबीत, कालवली आन् माखली. खीर वतायच्या आधी. पातळ हात दिला, पांढऱ्या वाटीत कळत बी न्हाई."

"बुडाला?"

"बुडाला कशाला? चुलीवर काजळी भायेरून धरती म्हणून भायेरून. हितं डाग आतनं पडतोय. मग आतनं नगं का?"

मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. "आक्का, लॅबमंदी राख चालत न्हाई. साबण सोडून काय बी लावायचं न्हाई म्हणलंय."

"म्हणणारीला डाग घासाय लाव," आक्का म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून वाट्या मीच धुवायला लागले, आणि मी साबणानं धुतल्या. ती गोष्ट तिथंच राहिली.

मग मॅडमनी तीच खेप पुन्हा करायला घेतली. तीच पूड, तेच पाणी, तीच भट्टी. गुण आला नाही. पुन्हा केली, पुन्हा नाही. नळीच्या टोकाला सुयांची नुसती पुसट रेघ. बाकीचं सगळं जळून वायू होऊन जायचं. मॅडम पुडीचं पोतं बदलून बघत, भट्टीचा काटा तपासून घेत, पाणी तपासून घेत. जेवण तसंच पडायचं. एकदा चहा पिताना त्यांनी आम्हाला सरळच सांगितलं. नगरची कॉलेजातली नोकरी सोडून त्या या कामासाठी इथं आल्या होत्या, एका वर्षाच्या बोलीवर. पार्टी यायच्या आत तोच गुण पुन्हा दाखवता आला नाही तर मोठे साहेब हे काम बंद करणार, आणि मग त्यांना ठेवून घ्यायचं कारण उरणार नाही. "एकदा जमलं आणि परत जमत नाही, याला लोक खोटं म्हणतात," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज साधाच होता. म्हणूनच जास्त लागला.

सुपरवायझर साहेब थट्टेखोर माणूस. मला बघून म्हणाले, "ताई माहेरी गेल्या तर कॅटलिस्ट खुश. ताई आल्या आणि रुसला. ताईंना परत केंदूरला धाडू का?" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

पण त्या थट्टेनंच मला जागं केलं. मी नव्हते तेव्हा वेगळं काय होतं? मी नव्हते आणि लेवा होता. राखेनं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, अजूनही पुरतं नाही. एवढंच कळलं की हे मॅडमना माहीत असायला हवं.

मॅडमच्याही डोक्यात तोच प्रश्न आला असावा, कारण त्यांनी त्या दिवसांतलं सगळं शोधायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर साहेबांनी लॅबमध्ये सगळ्यांना उभं केलं. आक्कांना विचारलं, "त्या वेळी वाट्या कशानं धुतल्या?"

"साबणानं."

"नक्की?"

"मग काय थुकीनं?"

लॅबमधली पोरं हसली. साहेब नाही हसले. "दुसरं काही लावलं-बिवलं असेल तर आत्ताच सांगा. नियम मोडला असेल तर गेटपास इथंच जमा करायचा."

"न्हाई लावलं," आक्का म्हणाल्या आणि भिंतीकडं बघितलं. माझ्याकडं नाही.

गेटपास जमा करायचा असं आधीच सांगून विचारल्यावर कोण हो म्हणेल? मी मॅडमकडं बघितलं. त्या कागदावर काहीतरी खोडत होत्या. माझ्या जिभेवर राख हा शब्द येऊन बसला होता आणि पुढं सरकत नव्हता. तो बाहेर आला तर मॅडमचं काम राहील आणि आक्कांचं स्टूल जाईल. नाही आला तर आक्का राहतील आणि मॅडम नगरला जातील. दोघींपैकी कोणाचंच माझ्याशी वाकडं नव्हतं.

संध्याकाळी गाडीची वाट बघत आम्ही दोघी गेटबाहेर उभ्या होतो. मी म्हणाले, "आक्का, तुमी सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"लेव्याचं."

आक्कांनी पदर तोंडाशी घेतला. मग म्हणाल्या, "एवढ्या वरसांत तुजं तोंड उघडंल म्हणून वाट बघितली म्या. आन् उघडलं त्ये माज्यावरच."

"मी न्हाई सांगणार. तुमीच सांगा म्हणती."

"म्हंजी सुरी तू धरायची न्हाईस, मान म्याच आणून द्यायची. शानी हायेस."

त्यानंतर आमचं जेवण वेगळं झालं. एरवी मी भाकरी आणायची, त्या शेंगदाण्याची चटणी आणायच्या, दोघींच्या डब्यांचं एकच ताट व्हायचं. आता त्या पाठ करून बसायच्या. चटणीचा वास यायचा, तोही मला मुद्दाम सोडल्यासारखा वाटायचा.

गुरुवार आला. सासऱ्यांचा डबा घेऊन मी गुऱ्हाळावर गेले. त्यांना मी मामा म्हणते. काहील उकळत होती आणि मामा ठेचलेल्या भेंडीचं पाणी रसात सोडत होते. भेंडीचं पाणी पडलं की रसातली मळी फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्यानं काढता येते. थोडं सोडलं की रस निवळतो. जास्त सोडलं तर गूळ चिकट होतो, ढेप धरत नाही. किती सोडायचं ते मामा हातानं ठरवतात, आणि कोणी विचारलं तर त्यांना सांगता येत नाही.

मी जवळ बसले. माझ्या तोंडावर काहीतरी दिसत असावं, कारण त्यांनी विचारलं, "कंपनीत काय झालं व्हय?"

नावं न घेता मी सांगितलं. एकीनं चुकून काहीतरी केलं, त्यातनं चांगलं झालं, आता ती कबूल करत नाही, आणि दुसरीचं काम त्यावर अडलंय.

मामा फेस काढत राहिले. मग म्हणाले, "मागं माझी एक काहील साफ बिघडली. गूळच बसंना. म्या जळवण घालणाऱ्याला इच्यारलं, रसात काय टाकलंस का? आन् इच्यारताना हातात झारा हुता. त्यो न्हाई म्हणला. लई दिसांनी आपल्या आपण बोलला, तहान लागली म्हणून रसात घागर बुडवली, तिच्या बुडाला चुन्याची निवळी राहिली हुती." त्यांनी झारा आपटून साफ केला. "झारा खाली ठिवून इच्यारलं असतं तर तवाच बोलला असता."

घरी येताना माझ्या मनात एवढंच होतं की मॅडमच्या हातात झारा नाही. विचारताना तो सुपरवायझर साहेबांच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम एकट्या असताना मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "बोला ताई." शब्द जमवायला मला वेळ लागला. मी राखेचं काही बोलले नाही. म्हणाले, "मॅडम, आक्कांना एकट्यात इच्यारा. साहेब नसताना. जेवताना बसून." एवढं बोलून मी मोरीकडं निघून आले. तिथं नुसतं फडकं पिळत बसले.

दुपारी मॅडम त्यांचा डबा घेऊन मागच्या कट्ट्यावर आल्या, आक्कांच्या शेजारी बसल्या. मी दुसऱ्या टोकाला. पहिल्यांदा भाजीचं बोलणं झालं. मग मॅडम म्हणाल्या, "आक्का, माझ्या खोलीवरची कढई करपली आहे. तळाचं निघतच नाही."

"कशानं घासता?"

"साबणानं."

"साबणानं फकस्त हात गोरं हुत्यात." आक्कांना राहवलं नाही. मग करपलेली कढई कशी भिजवायची, कशी खरवडायची, सगळं आलं. "आन् पुन्ना करपूच नये असं वाटत आसंल तर चुलीवर ठिवायच्या आधी लेवा द्यायचा."

"माझ्याकडं गॅस आहे."

"मग तुमचं नशीब."

मॅडम हसल्या. "लेवा म्हणजे काय?"

आक्कांनी सांगितलं. सांगता सांगता हातानं हवेत बूड माखूनही दाखवलं. आणि मधेच हात थांबला. मॅडमनी काही विचारलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला. वीटभट्टीवरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसली.

"वाट्यांना पण दिला हुता," आक्का म्हणाल्या. आवाज एकदम लहान. "आतनं. डाग आतनं पडत्यात म्हणून."

मॅडमनी डबा खाली ठेवला. "कसली राख, आक्का?"

"बाभळीची. गेटपास आणू का?"

"गेटपास राहू दे. राख आणा."

दुसऱ्या दिवशी आक्कांनी डबी आणली. मॅडमनी त्यांना म्हटलं, त्या वेळी जसं केलं अगदी तसंच करा, जास्त नाही, कमी नाही. आक्कांनी राख कालवली आणि बोटांनी वाटीच्या आत हलका लेवा दिला. मॅडमनी त्यावर खीर ओतली. वाळवलं, भाजलं, गोळ्या केल्या, नळीत भरल्या. मी त्या दिवशी उगाच त्याच त्या नळ्या पुसत भट्टीजवळ राहिले. गार टोकाला आधी धुकं आल्यासारखं झालं. मग एक सुई दिसली, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि मग मोजायचं कारण राहिलं नाही.

मॅडम खुर्चीवर बसल्या आणि कपाळाला हात लावून हसायला लागल्या. आम्हाला समजेना. त्या म्हणाल्या, "पोटॅश. राखेत पोटॅश असतं. उसाला टाकता ना, तेच." गंमत अशी की पोटॅश त्यांनी सुरुवातीलाच घालून बघितलं होतं. पण जास्त पडलं होतं, गोळी मेली होती, म्हणून त्यांनी ते यादीतून काढून टाकलं होतं आणि भलभलत्या महाग वस्तूंच्या मागं लागल्या होत्या. "चिमूट मी घेतली होती, आक्कांचं नुसतं बोट फिरलं होतं," त्या म्हणाल्या.

आक्कांना मात्र आता चेव आला. पुढच्या खेपेला मॅडमचं लक्ष नसताना त्यांनी लेवा चांगला जाड दिला. एवढ्याशानं एवढं होतंय तर तेवढ्यानं केवढं होईल, हा त्यांचा हिशोब. त्या गोळ्या नळीत गेल्या आणि काहीच झालं नाही. वाफ वरून गेली आणि तशीच खालून निघाली. ना जळाली, ना सुया झाल्या. मॅडमनी विचारल्यावर या वेळी आक्कांनी लगेच सांगितलं. मॅडमही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं. आता दोन्ही टोकं कळली."

राख पुन्हा पुन्हा तशीच मिळत नाही. लाकूड बदललं, रान बदललं की राख बदलते. त्यामुळं मॅडमनी पुढं शुद्ध पोटॅशचं मीठ बारीक काट्यावर तोलून घेतलं आणि थोडं थोडं कमीजास्त करत हवी ती जागा शोधून काढली. गुजरातची पार्टी आली, नळीच्या टोकाशी वाकून बघून गेली, आणि आठवड्याभरानं मोठ्या साहेबांनी मॅडमना वर बोलावलं. खाली आल्यावर मोरीपाशी येऊन म्हणाल्या, "ताई, खोलीला पडदे कुठं शिवून मिळतील? आता घ्यायला हरकत नाही." मला कळलं.

मला अधूनमधून वाटतं, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर राख हा शब्द बोलले असते तर काय झालं असतं. खरं काय ते बाहेर आलं असतं. पण आक्का जळून गेल्या असत्या. आणि काहीच बोलले नसते तर आक्कांच्या जाड लेव्याच्या गोळ्यांसारखं, सगळं वरून येऊन खालून निघून गेलं असतं. मला बोलता येत नाही याचं लहानपणापासून वाईट वाटत आलं. आता तेवढं वाटत नाही. पण अजिबात न बोलणं हाही काही गुण नाही, हेही कळलं.

आक्कांचं स्टूल राहिलं. सुपरवायझर साहेबांना ते मनातून आवडलं नव्हतं, पण मॅडमनी त्यांच्याशी काय बोलणं केलं देव जाणे. फक्त वाट्या घासायच्या माझ्याकडं आणि पुसून मांडायच्या आक्कांकडं, अशी वाटणी झाली. याचा आक्कांना राग आहे. जन्म भांडी घासण्यात गेला आणि आता फडकं हातात दिलं, असं त्या म्हणतात. आणि साहेबांनी मोरीवर एक मोठा फळा लावला.

फळा लागला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आक्का त्याच्यासमोर उभ्या होत्या. आमचे डबे अजून वेगळेच होते. त्यांना वाचता येत नाही. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "काय लिवलंय?"

मी वाचलं. "वाट्या धुताना राख, माती, शिकेकाई किंवा इतर काहीही वापरू नये."

"शिकेकाई?" आक्का वळल्या. "शिकेकाई कोण लावीत हुतं?"

"मी न्हाई."

"म्या बी न्हाई." त्या फळ्याकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. "म्हंजी आनिक कोनतरी हाय की."

कट्ट्यावर बसल्यावर त्यांनी चटणीचा डबा उघडला आणि मधे ठेवला.